एकाच डबीतलं काजळ

आईंच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर एक खिळा आहे. दीड वर्ष झालं, त्यावर काहीच नाही. खोलीला रंग देताना रंगारी म्हणाला होता, "उपटू का ताई? भोकात लांबी भरून टाकतो, कळणारसुद्धा नाही." तेव्हा आई म्हणाल्या, "राहू दे. फोटो यायचा हाय त्याच्यावर." मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

तो फोटो तिथून मीच उतरवायला लावला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. कळवणजवळच्या एका खेड्यातल्या. सासरे, खंडेराव, ट्रकवर ड्रायव्हर होते. लासलगावचा कांदा भरून कलकत्त्यापर्यंत जायचे. आमच्या लग्नाच्या आधीच ते गेले आणि योगेशनं आईंना नाशिकला, मखमलाबाद रोडच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक पाटा आणि तो फोटो, एवढंच आलं.

फोटो काळा-पांढरा होता, वहीच्या पानाएवढा. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. त्यावर तळं, दोन हंस आणि एक कमान. पुढे खुर्चीत वीस-एकवीस वर्षांच्या आई, डोक्यावर पदर, आणि मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. योगेशचा मोठा भाऊ, नवनाथ. फोटो काढल्यावर लगेच तापानं गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फोटोतलं बाकी सगळं चहासारखं पिवळट झालं होतं. बाळाचे डोळे मात्र काळेभोर. खोलीत कुठेही उभं राहा, ते आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं.

लग्न झाल्यावर मला त्याचं काही वाटलं नव्हतं. दिवस गेल्यावर वाटायला लागलं.

आई घरी काजळ धरायच्या. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळेची ताटली पालथी घालायची, सकाळी ती काजळी खरवडून तुपात खलायची आणि चांदीच्या एवढ्याशा डबीत भरायची. स्वतःच्या डोळ्यांत घालून झालं की बोटाला राहिलेलं काजळ त्या फोटोच्या काचेवर टेकवायच्या, बाळाच्या गालावर. तीट. मग पदरानं काचेचा बाकीचा भाग पुसायच्या. मला सातवा महिना लागला तेव्हा एकदा मी दारात उभी असताना त्यांनी असंच बोट टेकवलं आणि माझ्या पोटाकडे बघून हसत म्हणाल्या, "तुझं लेकरू आलं ना, की दोघांना एकाच डबीतलं लावीन."

त्यांनी ते लाडानं म्हटलं होतं. मी मात्र पोटावर हात ठेवून दारातून मागे सरकले.

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. विंचूरच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये चार वर्षं काम केलेली. शिकलेल्या माणसाला असलं काही वाटत नाही असं नाही. वाटतंच, वर त्याची लाजही वाटते. त्या दिवशी मी योगेशला म्हटलं, "बाळ घरात यायच्या आधी तो फोटो गेला पाहिजे."

"अगं, फोटो आहे तो."

"माहितीये मला फोटो आहे ते."

"आणि आईला काय सांगू?"

"खोलीला रंग द्यायचाय म्हणून उतरवला, उतरवताना काच फुटली. फ्रेमवाल्याकडे दिलाय."

सगळं माझं तयार होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या पोटाकडे.

पण असा फोटो कचऱ्याच्या गाडीत कसा टाकणार? देवाच्या जुन्या तसबिरी, तडकलेल्या काचा, वारलेल्या माणसांचे हार वाळलेले फोटो, हे सगळं आमच्याकडे लोक गोदाकाठी पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. ठेवायचं, हात जोडायचे आणि मागे न बघता निघायचं. योगेशनं रविवारी सकाळी दोन फुटक्या तसबिरींबरोबर फोटो पिशवीत घातला आणि तिथे ठेवून आला. आल्यावर न सांगता अंघोळीला गेला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मागे वळून नाही ना बघितलंस?"

"बघितलं," तो म्हणाला.

आरोही झाली. पहिले सहा महिने मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. हात लागला की ती दचकून उठायची आणि रडायची, आणि रडली की मला बरं वाटायचं. आईंनी बाराव्या दिवशी चांदीची डबी आणली तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरांनी काजळ नको सांगितलंय. इन्फेक्शन होतं." त्या म्हणाल्या, "डोळ्यात नको तर गालाला लावू एवढंसं?" मी म्हटलं, "नकोच." त्यांनी डबी कनवटीला लावली. परत कधी काढली नाही. काजळ धरणंही बंद केलं.

फोटोचं मात्र विचारायच्या. आधी दर आठवड्याला. "फ्रेमवाल्याचं काय झालं गं?" गावाला गेलाय. त्या मापाची काच मिळत नाहीये. त्याच्या घरी लग्न आहे. मी एकेक कारण देत गेले. मग महिन्यातून एकदा विचारायला लागल्या, मग दोन महिन्यांतून. दिवाळीपासून त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, सुटले. तसं झालं नाही. त्या विचारायच्या तेव्हा निदान उत्तर तरी द्यायला मिळत होतं.

दर सोमवारी त्या सिटी बसनं कपालेश्वराला जायच्या. यायला उशीर व्हायचा. आल्या की नखांत माती, पदराला वाळका पाला. मी त्यांना दारातच अडवायचे. "आई, आधी हात धुवा. मग तिला घ्या."

"धुते गं बाई. ते तुझं सॅनिटायझर दे. आज म्हणलं देवाच्या बी हातावर घालावं थोडं. किती जण शिवतात त्याला."

मी हसायचे, पण त्यांनी कोपरापर्यंत हात धुतलेत की नाही ते बघायचे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी पेपरात, शहराच्या पानावर, एक बातमी होती. गोदाकाठी लोकांनी सोडून दिलेले घरगुती फोटो गोळा करून वल्लरी नावाच्या एका मुलीनं त्यांची चित्रं केली होती. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. बातमीबरोबर फोटो होता. एका बाईच्या मांडीवर बाळ झोपलेलं. मी आरोहीला नाचणीचं सत्त्व भरवत होते. मी पान उलटलं आणि परत मागे आले.

मागे तळं होतं, दोन हंस होते. त्या स्टुडिओत कितीतरी जणांनी फोटो काढले असतील, आणि या बाळाचे डोळे तर मिटलेले होते. आमच्या नवनाथचे उघडे होते. मग मी बाईचा हात बघितला. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. ती करंगळी मी रोज बघते, भाजी निवडताना, आरोहीच्या केसांना तेल लावताना.

मी आईंना सांगितलं, आरोहीला डोस द्यायला नेते. आणि हॉलवर गेले.

आत मऊ, जुन्या धोतरांची लांब कापडं छतापासून खाली सोडली होती. एकेका कापडावर एकेक फोटो, माणसाहून मोठा छापलेला. पंख्याच्या वाऱ्यानं कापडं हलायची आणि चेहरे एकमेकांवर यायचे. नवरा-नवरी, मुंजीतला मुलगा, एका ओळीत बसलेल्या सहा बहिणी. आरोही माझ्या कडेवरून हात पुढे करून प्रत्येकाला "आ... आ..." करत होती. आई एकदम शेवटी होत्या. त्यांच्या मांडीवरचं बाळ आरोहीएवढं मोठं दिसत होतं आणि अगदी तिच्यासारखं झोपलं होतं, तोंड किंचित उघडं, हनुवटी छातीला टेकलेली. खाली हातानं लिहिलं होतं : पिंपळाच्या पारावर सापडला. कोण, माहीत नाही.

"आवडलं का तुम्हाला हे?" मागून कोणीतरी विचारलं. पंचविशीची मुलगी, बोटांना निळी शाई. हीच वल्लरी.

मी म्हटलं, "ह्याचे डोळे..."

"बघितलंत ना? सगळे तिथेच थांबतात." ती खूश झाली. "मूळ फोटोत उघडे होते. म्हणजे वरून काढलेले होते, ब्रशनं. मला आधी वाटलं, कोणीतरी उगाच रंग फासलाय. ओल्या कापसानं पुसलं तर सहज निघाला. खाली हे."

"झोपला होता?"

तिनं आरोहीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "नाही. पूर्वी स्टुडिओवाले असं करायचे. माणूस गेलेला असेल, त्याचा एकही फोटो नसेल, तर तसाच फोटो काढायचा आणि नंतर वरून डोळे रंगवायचे. हे बाळ गेलेलं आहे ह्यात."

मी आरोहीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग परत पहिल्या.

ज्या डोळ्यांना मी भ्याले होते ते कोणाचेच नव्हते. शाई होती. आणि आई ह्या फोटोत लेकराला धरून बसल्या होत्या तेव्हा त्यांना ते माहीत होतं. वीस वर्षांच्या असताना, ताठ मानेनं, फोटोवाल्याकडे बघत.

वल्लरी बोलतच होती. "माझे बाबा रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. त्यांच्या वह्यांमध्ये घराण्यांची नावं आहेत, पणजोबा-खापरपणजोबांपासून. नावं आहेत, चेहरे नाहीत. माझ्याकडे चेहरे आहेत, नावं नाहीत." हे वाक्य पेपरातही आलं होतं. "हा फोटो कोणी टाकला असेल, हा विचार मी रोज करते."

"मी," मी म्हटलं.

तिनं कापडाकडून माझ्याकडे मान वळवली.

"म्हणजे माझ्या नवऱ्यानं ठेवला. मी सांगितलं म्हणून. त्या माझ्या सासूबाई आहेत. आहेत म्हणजे, घरी आहेत. आत्ता मेथी आणायला खाली गेल्या असतील."

वल्लरीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रागानं नाही. "मला वाटायचं, असे लोक वेगळे दिसत असतील," ती म्हणाली.

मग तिनं काचेच्या टेबलाखालून मूळ फोटो काढला. फ्रेम नव्हती, काच नव्हती. नुसता पुठ्ठ्यावरचा कागद. पुसायच्या आधी तिनं मोबाईलवर एक फोटो घेतला होता, तो दाखवला. काचेवर खिडकीचा उजेड पडलेला आणि नेमका बाळाच्या डोळ्यांवर पांढरा गोळा. आईंनी टेकवलेलं बोट गालाच्या जागी दिसत होतं. डोळे नव्हते.

"मी परत काढून देऊ शकते," वल्लरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "चूक माझीच आहे. मी घाई केली. तुम्ही फक्त सांगा, कसे होते. गोल होते, लांबट होते? नजर सरळ होती की जरा खाली?"

मी तीन वर्षं त्या डोळ्यांसमोर वावरले होते. मी डोळे मिटून आठवायला लागले. मला फक्त भीती आठवली. आकार आठवला नाही.

निघताना तिनं फोटो पातळ कागदात गुंडाळून दिला. "उघड्या बोटांनी धरू नका. पाण्यानं वरचा थर मऊ झालाय. तेलकट काही लागलं तर डाग आत पसरेल, मग काही करता येणार नाही." आणि जिन्यापर्यंत येऊन म्हणाली, "कापडावरचा तसाच ठेवू की उतरवू, त्यांना विचाराल? त्या म्हणतील तसं."

रिक्षातून मी योगेशला फोन केला. तो अंबडला कंपनीत होता, जेवणाची सुट्टी होती. मी सगळं सांगितलं. तो नुसता हूं हूं करत होता. बाळ फोटोत गेलेलं होतं हे सांगितलं तेव्हा तेही थांबलं.

"योगेश?"

"ऐकतोय." मग म्हणाला, "तिला नको सांगू. नवीन फ्रेम करू, काच घालू, लावून टाकू. मोतीबिंदू आहे तिला, तिला कुठे कळणार डोळे उघडे का मिटलेले."

"तुझ्या आईला मेथीच्या जुडीतली अळी दिसते."

"बरं, मग संध्याकाळी मी येतो. दोघं मिळून सांगू."

"नको. तू समोर असलास की मी सगळं तुझ्यावर ढकलीन."

घरी आले तेव्हा आई हॉलमध्ये जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. आरोही धावत जाऊन त्यांच्यासमोर बसली आणि निवडलेली पानं काड्यांत टाकायला लागली.

"आली का माझी कामवाली," आई म्हणाल्या. "डोस दिला का? रडली का लय?"

"आई, डोसला नव्हते गेले." मी त्यांच्यासमोर बसले. गुंडाळलेला फोटो मांडीवर ठेवला. "फोटो फ्रेमवाल्याकडे नव्हता, आई."

त्यांनी एक काडी मोडली. "ठाव हाय मला."

मी आरोहीच्या हातातली काडी काढून घेतली.

"फ्रेमवाल्याला काय दीड वरीस लागतं व्हय? पहिल्या महिन्यातच म्हणलं, पारावर गेला आसल. दुसरीकडं कुठं जाणार." त्या पानं खुडत होत्या. "मंग मी जायची बघायला. दर सोमवारी."

"कपालेश्वराला?"

"देवाला काय, पाच मिन्टं लागतात. बाकी येळ त्या पाराखालीच. लय फोटो पडलेले असतात गं तिथं. पाल्यात, मातीत, एकावर एक. एकेक उचलून, पुसून बघायची. सगळी लोकांचीच लेकरं."

नखांतली माती. पदराला लागलेला पाला. मी दारात उभी राहून त्यांना हात धुवायला लावत होते.

"तुम्ही मला काहीच म्हणाला नाहीत."

"काय म्हणायचं? तुझ्या पोटात लेकरू व्हतं. भ्याली तू. मी बी भ्याले आसते." त्यांनी मान वर केली नाही. "पर इचारायचं व्हतं एकदा. मी पेटीत ठिवला आसता. उपडा."

मी कागद उलगडला आणि फोटो त्यांच्यासमोर चटईवर ठेवला.

त्यांनी हात पदराला पुसले, दोन्ही, नीट. फोटोला हात लावला नाही. वाकल्या. आरोहीही वाकून बघायला लागली.

"ह्याचे डोळे कुठं गेले?"

मी सांगितलं. वल्लरी कोण, तिला तो कसा सापडला, तिनं कापसानं कसं पुसलं. तिला माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. मग म्हटलं, "आई, तो तेव्हाच गेलेला होता?"

"मंग." त्या मागे सरकून भिंतीला टेकल्या. "कळवणच्या दवाखान्यात गेला. सकाळी. मी माहेरी व्हते ना बाळंतपणाला. माझे वडील व्हते बरोबर. ते म्हणले, चल, गाडी मिळंल. स्टँडसमोर फोटोवाला व्हता. मी तशीच त्याच्या पायऱ्या चढले. वडील खालून हाका मारत व्हते."

"आणि फोटोवाला?"

"म्हातारा माणूस. त्यानं बघितलं न् त्याला कळलं. काय बोलला नाय. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली व्हती, त्यांना म्हणला, नंतर या. मला खुर्ची दिली. पदर सारखा करून दिला, बापावाणी." त्यांनी स्वतःचा पदर सारखा केला. "ह्याच्या बापानं ह्याला एकदाच बघितलं व्हतं, बारशाला. तवा बी हा झोपलेला. दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन कलकत्त्याला गेले, मंग फेऱ्यांवर फेऱ्या. मी फोटोवाल्याला म्हणलं, ह्याचे बाबा येतील त्यांना दाखवायचाय, डोळे उघडे पायजेत. तो म्हणला, काढतो पोरी. डोळे कसे व्हते सांग."

वल्लरीनं मला हेच विचारलं होतं.

"मला सांगता यीना. आत्ता तासापूर्वी गेलेलं लेकरू, न् मला त्याचे डोळे सांगता यीनात. मी म्हणलं, बापासारखे काढा. तो म्हणला, मी त्याच्या बापाला कुठं पाहिलंय? मग त्यानं त्याच्या मनानं काढले."

"बाबा आल्यावर?"

"तेरा दिवसांनी आले. पुरून झालं व्हतं. फोटो हातात दिला. लय येळ धरून बसले. मग म्हणले, डोळे तुझ्यावर गेलेत." त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "मरेपर्यंत सांगितलं नाय मी त्यांना. कोणालाच नाय. न् मंग बघून बघून मला बी तेच त्याचे डोळे झाले. खरे कसे व्हते ते इसरून गेले मी. आता हे बी गेले."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला त्यांनी ओरडायला हवं होतं.

"वल्लरी परत काढून देते म्हणाली," मी म्हटलं. "तुम्ही सांगाल तसे."

"न् मी काय सांगू तिला?"

आरोहीनं फोटोकडे बोट केलं आणि म्हणाली, "बा निन्ना." बाळ झोपलं.

"व्हय गं," आई म्हणाल्या. "निजलाय."

कापडावरच्या फोटोचं मी तेव्हाच विचारलं, कारण नंतर माझ्यानं झालं नसतं. त्यांनी विचारलं, "लोक बघतात का त्याला?" मी म्हटलं, बघतात, थांबून बघतात. "मंग राहू दे तिथं. त्याला कोणी बघायलाच आलं नव्हतं. तिला नाव बी सांग. नवनाथ."

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चांदीची डबी होती. दीड वर्ष ती उघडली नव्हती. काजळ वाळून तळाला बसलं होतं. त्यांनी देवघरातून तुपाचं बोट घेतलं, करंगळीनं डबीत घोळवलं. वाकड्या करंगळीनं. आणि खाली बसून फोटो मांडीवर घेतला.

मला वाटलं, त्या डोळे काढणार. वल्लरीचं बोलणं माझ्या कानात होतं : तेलकट काही लागलं तर डाग पसरेल, मग काही करता येणार नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. एवढं एकच वाक्य. मी ते तोंडाशी आणलं आणि गिळलं. ह्या घरात मी त्यांना पुष्कळ वेळा अडवलं होतं.

त्यांनी डोळे काढले नाहीत. झोपलेल्या बाळाला घालतात तसं, दोन बोटांत त्याची हनुवटी धरल्यासारखी करून, मिटलेल्या पापणीच्या कडेनं बारीक रेघ ओढली. एक. मग दुसरी. मग करंगळीला उरलेलं गालावर टेकवलं, काचेवर टेकवायच्या त्याच जागी. आता मध्ये काच नव्हती.

पहिली रेघ थोडा वेळ रेघ राहिली. मग तिची कड फुटायला लागली. तूप कागदात उतरत होतं आणि काळं त्याच्यामागून जात होतं, पापणीवरून कपाळाकडे, नाकाकडे. आम्ही दोघी बघत होतो. आईंनाही ते दिसत होतं. त्यांनी पुसायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही डाग मधे येऊन मिळाले तेव्हा त्यांनी फोटो हळूच उपडा करून मांडीवर ठेवला आणि पाठीवर थोपटल्यासारखा हात ठेवला.

आरोही त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. तिला डबी हवी होती. आईंनी ती तिच्या हाताला लागणार नाही इतकी मागे घेतली. त्यांच्या करंगळीवर अजून काळं होतं. त्यांनी ते बघितलं, मग आरोहीच्या गालाकडे बघितलं, आणि बोट पदराकडे नेलं, पुसून टाकायला.

खोटं कशाला सांगू. त्याच बोटाची, त्याच डबीची मला अजूनही भीती वाटत होती, सातव्या महिन्यात वाटली होती तितकीच.

"आई," मी म्हटलं, "थांबा."

मी पुढे सरकले. आरोहीनं हलू नये म्हणून तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांच्याकडे वळवलं.